पेटी भरली होती, पर्ल्हाद

पर्ल्हाद, तुझ्या मातीला पुष्कळ माणसं आली होती. ऐकून तुला बरं वाटेल म्हणून आधी हे सांगतो. त्यातली निम्मी तुझ्यासाठी आली होती आणि निम्मी पासवर्डसाठी.

खोटं नाही सांगत. स्मशानातून परतताना जिनिंगवाला शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बहुत अफसोस हुआ, साहब. ऐसा आदमी नहीं होता." मीही मान हलवली. चार पावलं गेल्यावर हळूच म्हणाला, "वो हमारे ईमेल का पासवर्ड मास्टरजी आपको बताके गये क्या?" पुढं डॉक्टर भेटले. "मास्टरगारू चला मंचिवारु," म्हणाले, फार चांगला माणूस होता, आणि मग त्यांनाही तेच विचारायचं होतं. संध्याकाळी तुझ्या ओसरीवर बसलो तर शाळेतला तुझा जुना विद्यार्थी आला, डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाला, "काका, मास्तरनं आमची ईमेलची पेटी उघडून देल्ली होती. तिचं कुलूप कोनतं ठेवलं, तुमाले काई बोलले काय?" मी म्हणालो, "ज्याले आता जाळून आलो, त्याले इचार." लोक म्हणाले, पेशकारसाहेबांना दुःखाचा धक्का बसला. धक्काबिक्का काही नव्हता. मला राग आला होता. तो अजून उतरलेला नाही, आणि परवा तुझा जलदानविधी उरकला, आज तो तुझ्यावरच काढायला बसलो आहे.

तुझा-माझा बाप एकाच पाटलाकडे सालदार होता. जैनथच्या शाळेत आपण दोघं एकाच पोत्यावर बसलो. पुढं तू मास्तर झालास आणि मी आदिलाबादच्या तहसिलीत कारकुनी करत करत पेशकार झालो. शेवटी घरंही एकाच गल्लीत बांधली, तुझ्या ओसरीवरून माझं दार दिसतं एवढ्या अंतरावर. त्यामुळं तुझ्याशी भांडायला मला कधी चप्पल घालावी लागली नाही.

तुझी लेक सुजाता नर्स होऊन मस्कतला गेली आणि तू फंडाच्या पैशातून कॉम्प्युटर घेतलास. मी म्हणालो होतो, "म्हातारपणी म्हैस घे. दूध तरी देईन." तू म्हणालास, "म्हशीले मस्कतशी बोलता येते काय?" गल्लीतली माणसं चपला बाहेर काढून तो डबा बघायला आली. तूच नियम केला होतास, चपला बाहेर. अनवाणी पायांनी जो कोणी डब्याला हात लावी त्याला झिणझिण्या येत. बाया म्हणत, देवाचं काही तरी आहे त्यात. तू आठवडाभर पुस्तकं चाळलीस, मग अंगणात खड्डा केलास, त्यात कोळसा, मीठ आणि लोखंडाची पट्टी पुरलीस, अर्थिंगची वायर जोडलीस आणि झिणझिण्या बंद झाल्या. त्या दिवसापासून तू गावाचा वैद्य झालास.

खरं सांगतो, मला तुझा अभिमान वाटत होता. तोंडावर कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू अजून चढला असतास. पिशवीत पेचकस, रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप घालून तू निघालास की मीही मागोमाग निघायचो, बघायला. आपल्या गावची माणसं कापूस घरातच ठेवतात, बैठकीच्या खोलीत, भाव चढेपर्यंत. आणि त्याच खोलीत हौसेनं कॉम्प्युटर. रुई उडून डब्यात जायची, पंखा अडायचा, डबा तापून बंद पडायचा आणि घरधनी म्हणायचा, कंपनीनं फसवलं. तू झाकण उघडून पंप मारायचास आणि आतून पांढरे पुंजके बाहेर यायचे. तू त्यांना दाखवून म्हणायचास, "हे पाय. अर्धी उशी निघाली." कुणाच्या माऊसच्या गोळीला सूत गुंडाळलेलं असे. कुणाचं इंटरनेट मधेच तुटे, कारण स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवरून सासूबाई लेकीशी बोलायला लागलेल्या असत. कुणी पासवर्ड मोठ्या अक्षरांत मारी आणि मशीनला शिव्या देई. तू कुणालाच हसला नाहीस. मला मात्र वर्गातला सगळ्यात ढ पोरगा म्हणत होतास, कारण मी माऊस उचलून हवेत फिरवला होता.

जाताना प्रत्येक घरी तू तेच सांगायचास. मला ते पाठ झालं होतं. "पेटी रिकामी ठेवत जा. जुनी पत्रं उडवा. पेटी भरली की नवं पत्र आत येत नाई, आल्या वाटेनं वापस जाते." आणि दुसरं: "अनोळखी नावाचं पत्र आलं त उघडू नका. व्हायरस राह्यते. अख्खा डबा खाऊन टाकते." डॉक्टरांच्या बायकोनं भावाची जुनी पत्रं ठेवू का म्हणून विचारलं, तर तू तिला रागावलास. "ताई, पत्र वाचाचं असते. पूजाचं नसते." आणि तिच्यादेखत सगळी उडवलीस.

आणि स्वतः? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सुजाता दर शुक्रवारी लिहायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वर फोटो पाठवायची: समुद्राचा, दवाखान्याचा, तिच्या खोलीतल्या खिडकीचा. एकेक फोटो वरून खाली उतरायला चहा पिऊन व्हायचा, आणि तू तोवर खुर्ची सोडायचा नाहीस. आधी तिचे केस दिसत, मग कपाळ, मग डोळे. डोळे आले की तू मला हाक मारायचास. त्यातलं एकही पत्र, एकही फोटो तू उडवला नाहीस. मी, ज्याला त्यातलं काही कळत नाही, त्यानं एकदा विचारलं होतं, "वरतं लाल अक्षरात काय लिहून राह्यलं?"

"पेटी भरत आली म्हनते."

"मंग उडव ना. साऱ्या गावाले त सांगत फिरतं."

तू माझ्याकडं असं पाहिलंस, जसं काही मी सुजाताचाच फोटो भिंतीवरून काढायला सांगितला होता. "कोन उडवते रे लेकीची पत्रं? आन बोरा भरला म्हून कोनी कापूस वावरात ठेवून येते काय? वर चढाचं, तुडवाचं, अजून मनभर बसते."

मी हसलो. आपण दोघंही पाटलाच्या वावरात बोरे तुडवून मोठे झालेलो. बोरा भरला असं आपल्या बापांनी कधी कबूल केलं नाही, त्यामुळं मला ते पटलं. कॉम्प्युटर बनवणाऱ्याला कापूस माहीत नसणार हे तुझ्या डोक्यात यायला हवं होतं. माझ्या नाही. तू वैद्य होतास.

मग उन्हाळ्यात ते पत्र आलं. तिकडच्या दवाखान्यात औषधं देणारा एक पोरगा आहे, केरळचा, ख्रिस्ती, त्याच्याशी लग्न करायचं आहे. तू मला वाचून दाखवलंस आणि दिवसभर जेवला नाहीस. मी म्हणालो, पोरगी मोठी झाली, कमावती आहे, परक्या मुलखात एकटी आहे, विचारते आहे ना बापाला. तू म्हणालास, "इचारून नाई राह्यली. सांगून राह्यली." तुझी बायको जिवंत असती तर तिनं तुझ्या हातातून कीबोर्ड काढून घेतला असता. ती नव्हती. तू लिहिलंस. लिहून झाल्यावर मला ऐकवलंस. हे लग्न मला मान्य नाही. असं करायचं असेल तर मला बाप म्हणू नकोस. फोन करू नकोस, फोनवर मला बोलता येणार नाही, जे असेल ते लिहून कळव.

मी म्हणालो, "हे पत्र नाई, पर्ल्हाद. ही नोटीस हाये." तहसिलीत उभी हयात गेली माझी, नोटिशीचा वास मला लांबून येतो. तू ऐकलं नाहीस आणि बटन दाबलंस.

फोनचं कारण मला माहीत होतं. तिचा आवाज ऐकला असता तर तू रडला असतास, आणि मास्तर रडलेला तुला चालत नव्हता.

त्यानंतर तू रोज पेटी उघडायला लागलास. ओसरीवर बसून मला मोडेमचं ते किंचाळणं ऐकू यायचं, मग शांतता, मग तू बाहेर यायचास. "काई नाई." पहिल्यांदा म्हणालास, लाईनमध्ये बिघाड आहे. फोनची तार बदललीस. लाईनमनला बोलावून त्याच्याशी अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी भांडलास. तो खांबावर चढला, उतरला, म्हणाला, सगळं ठीक आहे. मग डबा उघडून पंप मारलास. मग मोडेम बदलून आणलास. मी रोज बघत होतो. पेटी तर उघडत होती, तिची जुनी पत्रं दिसत होती, म्हणून तू म्हणायचास, पेटी चालू आहे. दुसऱ्या कुणाचं पत्र तुला कधी येतच नव्हतं; गावातल्या ज्याचं अडलं तो गल्लीतूनच हाक मारी. ते लाल अक्षर रोज तुझ्या डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्याच्या घरी ते दिसलं असतं तर तू चपला काढायच्या आत रोग सांगितला असतास.

आणि मग तू म्हणायला लागलास, "बिघाड नाई रे. तिलेच लिहाचं नाई."

तुझा एक उपकार इथं सांगून टाकतो, नाहीतर पुढं रागाच्या भरात राहून जाईल. माझी मंडळी, तुझी वहिनी, गेली तेव्हा तू रोज सकाळी दोन कप चहा घेऊन यायचास. बोलायचा नाहीस. एक दिवस तिची शिलाई मशीन उघडून बसलास, तेल घातलंस, पट्टा बदललास. घरात शिवणारं कुणी उरलं नव्हतं. मी विचारलं, कशाला? तू म्हणालास, "बंद पडलेली चीज घरात ठेवू नये." मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो. असा तू. म्हणूनच तुझा जास्त राग येतो.

हुरड्याचे दिवस आले. आपण ओसरीवर शेगडीत कणसं भाजत बसलो होतो. तू हातावर दाणे चोळत एकदम म्हणालास, "येऊ दे त्या पोराले."

मी विचारलं, "कोन्या पोराले?"

"त्याच. केरळच्या. मी काय खातो काय त्याले? लग्न इथंच लावू, विहारात. त्याचे मायबाप आले त त्याइची सोय तुया घरी. तुया घरी संडास चांगला हाये."

मी इतका खूश झालो की दाणे खाली पडले. म्हणालो, "मंग लिही ना आत्ताच. चाल, मी बसतो बाजूले."

"मी कसा लिहू? माह्या पत्राचं उत्तर कुठं आलं? पाळी तिची हाये."

पाळी! आपल्या बापांच्या वेळी कार्ड लिहायचे तेव्हाची रीत. एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्यानं पुढचं कार्ड लिहायचं नाही, नाहीतर मान जातो. तुझ्या घरात मस्कतपर्यंत जाणारी तार आली, पण तू कार्डाच्याच रांगेत उभा राहिलास. मी म्हणालो, फोन कर. तू म्हणालास, मीच फोन नको म्हणालो, आता कोणत्या तोंडानं करू? मी म्हणालो, नंबर दे, मी करतो. त्यावर तू उठून उभा राहिलास. "मधात पडशीन त तुया घरची पायरी चढनार नाई. बाप-लेकीचं हाये हे."

त्यानंतर रोज हेच भांडण. मी म्हणायचो, लिही. तू म्हणायचास, पाळी. शेवटच्या संध्याकाळीही तेच झालं. तू रागानं शाल खांद्यावर टाकून उठलास, "उद्या पाहू," म्हणालास. सकाळी मी हाक मारली तर दार उघडलं नाही.

मस्कतला कळवायचं काम मलाच करावं लागलं. जैनथच्या एका पोरीची बहीण त्याच दवाखान्यात आहे, तिच्या घरून नंबर आणला. सुजाता आली तेव्हा तुझी राख थंड झाली होती. ती रडली नाही, पर्ल्हाद. नर्सनं करावं तसं तिनं सगळं केलं. तुझी औषधं बाजूला काढली, गादी उन्हात टाकली, माझा रक्तदाब बघितला. मग दवाखान्याला रजेचं कळवायचं म्हणून तुझा डबा सुरू केला. मी ओसरीवर होतो. मोडेम किंचाळलं, मग शांतता, आणि मग तिची हाक आली, "काका, इकडं या."

ती तुझ्या पेटीकडं बघत होती; डबा लावला की ती आपोआप उघडायची. "हे लाल अक्षर कधीपासून हाये?"

"वर्ष झालं असंन," मी म्हणालो. "तो म्हने, तुडवलं की बसते."

तिनं स्वतःची पेटी उघडली. तिच्या पत्रांमध्ये, न उघडलेली, कुणा परक्या इंग्रजी नावाची पत्रं पडली होती. "बाबानंच सांगितलं होतं," ती म्हणाली, "अनोळखी नाव असलं त हात लावाचा नाई." मग तिनं हात लावला. एकेक उघडलं. प्रत्येकात तेच लिहिलेलं होतं, तिनं मला मराठीत सांगितलं: ज्यांना पाठवलंत त्यांची पेटी भरली आहे, पत्र परत करत आहोत. आणि खाली तिचंच पत्र.

तिनं लिहिलं होतं, पर्ल्हाद. तुझी नोटीस मिळाली त्याच आठवड्यात लिहिलं होतं. मी ऐकलं, तूही ऐक. बाबा, तुम्ही नाही म्हणाल तर मी लग्न करणार नाही. पण एकदा त्याला बघा. मी त्याला थांबायला सांगितलं आहे, तुमचं उत्तर येईपर्यंत. त्यानंतर अजून पत्रं होती, लहान लहान होत गेलेली. शेवटच्यात फक्त एवढंच, बाबा, बरे आहात ना?

पाळी तुझी होती. पहिल्यापासून तुझीच होती.

मी तिच्यासमोर तुला शिव्या दिल्या. तुझ्या फोटोला हार घातलेला होता, तरी दिल्या. ती मला थांबवायलाही आली नाही. मग तिनं विचारलं, "काका, बाबा माह्यावर राग धरूनच गेले ना?"

मी म्हणालो, नाही. सगळं सांगितलं. हुरडा, शेगडी, विहार, त्या पोराच्या मायबापांची माझ्या घरी सोय. संडासाचंसुद्धा सांगितलं, वाटलं एवढी बारीक गोष्ट कोण बनवून सांगेल, आता तरी तिला पटेल. ती शांतपणे ऐकत होती. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता.

"काका," ती म्हणाली, "आमी बी असंच सांगतो. पेशंट गेला की त्याच्या घरच्याइले. शेवटी तुमचंच नाव घेत होते म्हनून. मीच किती जनाइले सांगितलं."

मी शपथ घेतली. माझ्या मंडळीची घेतली, बाबासाहेबांची घेतली. ती म्हणाली, "मी कुठं खोटं म्हनून राह्यली? तुमी चांगले हा, म्हनून सांगून राह्यले." पाया पडली. मला विश्वास ठेवणारी नजर माहीत आहे. आयुष्यभर माणसं माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली आहेत. ती नजर नव्हती.

त्या पोराला तिनं थांबू नकोस म्हणून कळवलं आहे. बाप असता तर भांडून, रुसून, कधी तरी मनवलं असतं, म्हणाली, पण गेलेल्या माणसाचा नकार कसा मोडू? काल सकाळच्या हैदराबादच्या बसनं ती गेली. बसमध्ये बसल्यावरही मी खिडकीतून तेच सांगत होतो, आणि ती मान हलवत होती, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून.

कचेरीत आम्ही शिकलो ते हे, की लेखी हुकूम लेखी हुकुमानंच रद्द होतो. तुझा नकार लेखी आहे, तिच्याकडं आहे, ती जपून ठेवणार आहे. तुझ्यासारखीच आहे ती, काही उडवत नाही. तू हो म्हणाला होतास, पर्ल्हाद. माझ्या कानांनी ऐकलं. पण ते मला सांगून काय उपयोग होता, गाढवा?